अमळनेरात हिमफुलं कापताना

१८ नोव्हेंबर २०२४ ला, सोमवारी दुपारी, मुलीच्या शाळेतून फोन आला. स्नेहसंमेलन २० डिसेंबरला, विषय 'सहा ऋतू', आणि शिशिराच्या प्रवेशासाठी रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर आणि सभागृहाच्या छताला बर्फाची फुलं हवीत. "ताई, तुम्ही रुखवताची कामं करता, हेही तुम्हीच करा," मॅडम म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग त्यांनी आकडा सांगितला. मोठी २४, मधली ३६ आणि दोऱ्यात ओवायची लहान १००. सगळी सारखी नेटकी हवीत आणि थर्माकोल अजिबात चालणार नाही.

थर्माकोलचं मला नवीन नव्हतं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हापासून मी पुठ्ठा आणि कार्डशीटवर आले आहे. पण माझं सगळं काम हातचं. पेन्सिल, कटर, काचेचा तुकडा खाली ठेवून कापायचं. एकशेसाठ नगांना ते पुरणार नव्हतं. मशीनवर कापून घ्यायचं म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली फाइल हवी, आणि मी तोवर कॉम्प्युटरवर फक्त लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप केला होता.

ज्यांना असंच एखादं काम अंगावर आलं आहे आणि कुठून सुरू करावं कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे. मला त्या पहिल्या आठवड्यात असं कुणाचं तरी वाचायला मिळालं असतं तर फार बरं वाटलं असतं.

पहिलं काम चित्राचं नव्हतंच, कागदाचं होतं. शाळा खासगी संस्थेची, त्यामुळे पैसे संस्थेच्या कार्यालयातून निघतात. २५ नोव्हेंबरच्या आत छापील लेटरहेडवर दरपत्रक द्या, सोबत पॅनची प्रत, रद्द केलेला चेक आणि 'उद्यम'चं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडा, असं कार्यालयातल्या भाऊंनी सांगितलं. उद्यम नोंदणी माझ्याकडे नव्हती. एका ठिकाणी विचारलं तर आठशे रुपये सांगितले. घरी येऊन मुलीनं सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर तिथे स्पष्ट लिहिलेलं की नोंदणी मोफत आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, पॅन आणि बँकेचा खाते क्रमांक एवढंच लागतं. माझा सगळ्यात जास्त वेळ गेला व्यवसायाचा पाच अंकी कोड निवडण्यात. यादी लांबलचक आहे, घाबरू नका, आपल्या कामाच्या जवळचा कोड निवडा, एकाहून जास्त कोड टाकता येतात. २२ तारखेला रात्री प्रमाणपत्र हातात आलं. मधे २० ला विधानसभेचं मतदान होतं, शाळेतच केंद्र असल्यानं १९ आणि २० ला कार्यालय बंद. तुमच्या कामाच्या तारखांमध्ये असे दिवस आधीच वजा करून ठेवा.

दरपत्रकात मी मोठ्या फुलाला ३००, मधल्याला १३० आणि लहानाला २० रुपये लावले, वाहतूक ३२०. एकूण १४,२००. जीएसटीची रक्कम दाखवली नाही, कारण वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे आणि मी तिच्या आसपासही नाही. भाऊंनी विचारलं, मी तेच सांगितलं, त्यांनी दरपत्रकावर एक ओळ लिहून घेतली आणि सही केली. एवढ्याचीच मला दोन दिवस धास्ती होती.

आता चित्र.

मुलगी नववीत आहे, लॅपटॉप तिचाच. तिच्या कॉम्प्युटरच्या शिक्षकांनी इंकस्केप नाव सुचवलं. हे व्हेक्टर चित्रांचं मोफत सॉफ्टवेअर आहे. २००३ पासून जगभरातली माणसं मिळून ते वाढवत आली आहेत, आणि त्याची १.४ ही आवृत्ती आदल्याच महिन्यात आली होती. व्हेक्टर म्हणजे काय, हे मला समजलं ते असं. फोटो ठिपक्यांचा बनतो, मोठा केला की फुटतो. व्हेक्टर चित्रात रेघ कुठून निघते, कुठे वळते आणि कुठे संपते याचा हिशेब साठवलेला असतो, म्हणून ते नखाएवढं करा की भिंतीएवढं करा, कड तशीच धारदार राहते. कापायच्या मशीनला हीच रेघ लागते. फोटो देऊन तिला काही कळत नाही.

२१ तारखेला रात्री पहिलं फूल काढलं. कागदाची घडी घालून कापतात तसंच मनात होतं. अर्धा, मग पाव, मग आठवा हिस्सा. आठ हातांचं छान फूल झालं. शनिवारी त्याची प्रिंट घेऊन शाळेत गेले, तर विज्ञानाचे सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, बर्फाला आठ हात नसतात. सहाच. मुलं हे बघून शिकणार आहेत, आपण चुकीचं लावायला नको."

मला त्या क्षणी वाईट वाटलं, पण सरांचं बरोबर होतं. त्यांनी मधल्या सुट्टीत मला बसवून समजावलं. पाणी गोठताना त्याचे रेणू एकमेकांना अशा कोनात धरतात की षटकोनाची जाळी तयार होते. ढगातला बारीकसा बर्फकण म्हणून षटकोनी असतो, आणि त्याचे सहा कोपरे पुढे येऊन हवेतली वाफ आधी पकडतात, म्हणून तिथूनच सहा फांद्या फुटतात. हिमफूल नेहमी सहाच कोपऱ्यांचं का, हा प्रश्न योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञानं १६११ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता. रेणूंची जाळी दिसली ती क्ष-किरणांमुळे, विसाव्या शतकात. सहाही फांद्या एकाच वेळी एकाच हवेतून खाली येतात म्हणून साधारण सारख्या वाढतात. अगदी तंतोतंत सारखी फुलं मात्र निसर्गात कमीच, असंही सर म्हणाले.

घरी येऊन मी जुने फोटो शोधले. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावी विल्सन बेंटली नावाचा एक शेतकरी होता. त्यानं सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ ला हिमकणाचा फोटो काढला. तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त फोटो काढले. त्याचे फोटो समोर ठेवूनच मी माझ्या फांद्या काढल्या. कुणाची तयार नक्षी उतरवून घ्यायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. शाळेला बिल देणार, तर नक्षी माझी हवी.

शेतकरी हा शब्द वाचून मी थांबले. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, केळीचं घर. आमच्याकडे आभाळातून पडणारा बर्फ म्हणजे गारा. मी सहावीत होते तेव्हा संध्याकाळच्या पंधरा मिनिटांत वडिलांची निसवलेली बाग आडवी झाली होती. पानांच्या चिंध्या, घडांवर काळे डाग, दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आप्पा आले, आणि वडील बांधावर उभे राहून त्यांना फक्त झाडांचा आकडा सांगत होते. मी फोनवर वडिलांना या कामाचं सांगितलं तर ते म्हणाले, "बर्फाचं कशाला काढतेस बेटा?" मग मी त्यांना सरांनी सांगितलेला फरक सांगितला. गार म्हणजे पाण्याचा थेंब ढगात वरखाली फेकला जाऊन थरावर थर चढत घट्ट झालेला गोळा. हिमफूल वाफेतून थेट, हळूहळू वाढतं, आणि इतकं हलकं असतं की पानावर पडलं तरी आवाज होत नाही. आपल्या जवळ म्हणाल तर नंदुरबारकडे डाब, तोरणमाळच्या डोंगरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं, तेवढाच आपला शेजार. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "झाल्यावर एक दाखव."

२५ ला दरपत्रक दिलं. २६ पासून रोज रात्री जेवणं आटोपल्यावर साडेनऊ ते बारा मी लॅपटॉपवर बसायचे. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच माणूस हात टेकतो.

अख्खं फूल काढायचंच नाही. एका फांदीचा अर्धा भाग काढायचा. सहा फांद्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे फुलाचा बारावा हिस्सा. पानाच्या मधोमध एक उभी मार्गरेषा ओढून घ्या, डावीकडच्या पट्टीवरून माउसनं ओढली की ती येते. तिच्या उजव्या बाजूला पेन टूलनं अर्ध्या फांदीची बाह्यरेषा काढा. त्याची प्रत करा, एच दाबून आडवी उलटवा, डावीकडे लावा आणि पाथ मेन्यूतल्या युनियननं दोन्ही एक करा. माझी चूक इथे झाली. दोन अर्धे अगदी कडेला कड लावले आणि मधे केसाएवढी फट राहिली. पडद्यावर ती दिसत नव्हती, पण मशीनला दिसली असती. अर्धी फांदी मार्गरेषेच्या किंचित पलीकडे जाऊ द्या, म्हणजे जोड नीट बसतो.

मग फांदीवर एकदा क्लिक केलं की आकार बदलायचे बाण येतात, दुसऱ्यांदा क्लिक केलं की फिरवायचे बाण येतात आणि मधे अधिकचं एक बारीक चिन्ह दिसतं. तो फिरण्याचा मध्य. ते चिन्ह उचलून फांदीच्या बुडाशी, फुलाचं केंद्र जिथे हवं तिथे, नेऊन ठेवायचं. मला हे चौथ्या रात्री कळलं. तोवर माझ्या फांद्या स्वतःच्याच पोटाभोवती फिरून गुंता करत होत्या.

त्यानंतर एडिट, क्लोन आणि 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स'. खिडकीत इतके टॅब आणि इतक्या चौकटी आहेत की पहिल्यांदा मी ती बंदच केली. आपल्याला लागतात चारच गोष्टी. सिमेट्रीमध्ये 'सिंपल ट्रान्सलेशन'. शिफ्टमध्ये स्तंभांच्या बाजूला 'एक्सक्लूड टाइल'वर खूण, नाहीतर फांद्या एकीशेजारी एक अशा रांगेत उभ्या राहतात. रोटेशनमध्ये 'पर कॉलम' ६० अंश. आणि खाली ओळ १, स्तंभ ६. खिडकी मागचे आकडे लक्षात ठेवते, म्हणून काही विचित्र झालं तर आधी रीसेट दाबा. त्या सिमेट्रीच्या यादीत पी६एम असंही एक नाव आहे, बारा हिश्शांचं काम ते एकदम करतं असं वाचून मी त्याच्या मागे दोन रात्री घालवल्या. त्याला तुकडा एका ठरावीक त्रिकोणात मोजून बसवावा लागतो. पहिल्या कामाला तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

'क्रिएट' दाबलं आणि सहा फांद्या गोल उभ्या राहिल्या, तो क्षण मी विसरणार नाही. रात्रीचे पावणेबारा. मी मूळ फांदीचं एक टोक नोड टूलनं, म्हणजे रेघेवरचे बिंदू (नोड) सरकवायच्या साधनानं, जरासं बाहेर ओढलं, तर सहाही फांद्यांची टोकं माझ्याबरोबर बाहेर आली. क्लोन मूळ चित्राशी बांधलेले असतात. एक काटा वाढवला की सहा काटे, एक भोक पाडलं की सहा भोकं. मी यांना झोपेतून उठवून दाखवलं. हेसुद्धा उठून बसले आणि म्हणाले, "अजून एकदा कर बरं."

१ डिसेंबरला, रविवारी, मी दुसऱ्या नक्षीवर अडले होते. बाजूच्या काट्यांचा कोन प्रत्येक वेळी वेगळा यायचा आणि फूल काटेरी बाभळीसारखं दिसायचं. सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. "हाई काय शे व?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाई ते आपली ठिपकासनी रांगोयी शे. सात ते चार." आणि शेंगांच्या टरफलांनीच त्यांनी फरशीवर ठिपके मांडले. मधली ओळ सात, वर सहा, पाच, चार, खाली सहा, पाच, चार, प्रत्येक ओळ आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. सदतीस टरफलं आणि बाहेरची कड बरोबर षटकोनी. मग बोटानं त्यांनी मधल्या ठिपक्यातून सहा रेघा काढून दाखवल्या आणि प्रत्येक रेघेवर कुठल्या ठिपक्यातून काटा फुटेल तेही. कोन मोजायची गरजच नव्हती, ठिपकेच कोन धरून होते.

मी इंकस्केपमध्ये तशी जाळी शोधली. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ग्रिडचा भाग आहे, त्यात 'अ‍ॅक्सोनोमेट्रिक' जाळी निवडली की ३० आणि ३० अंशांच्या तिरप्या रेघा आणि उभ्या रेघा येतात. जिथे त्या छेदतात ते सगळे सासूबाईंचे ठिपके. स्नॅप चालू ठेवलं की पेन आपोआप ठिपक्यावर बसतो. त्या रात्री मी तीन नक्षी पुऱ्या केल्या. खऱ्या हिमफुलातही बाजूचा काटा मुख्य फांदीशी ६० अंशांचा कोन करूनच निघतो, हे बेंटलीच्या फोटोंत दिसतंच.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती नक्षी वेगवेगळ्या करायला उपयोगी पडली. जपानच्या होक्काइडोत उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञानं १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम हिमफूल वाढवलं. हवेचं तापमान आणि दमटपणा बदलला की आकार बदलतो, हे त्यानं दाखवलं. उणे १५ अंशांच्या आसपास नेच्यासारखी फांद्याफांद्यांची फुलं होतात, उणे ५ च्या आसपास सुया आणि खांब. म्हणून मी पाच नक्षी केल्या त्यातली एक नुसती षटकोनी तबकडी, दोन कमी काट्यांच्या आणि दोन भरगच्च नेच्याच्या. सगळीच भरगच्च केली असती तर नजर कुठेच ठरली नसती.

३ डिसेंबरला सकाळच्या गाडीनं जळगावला गेले. लेझर कटिंगवाल्यांना आधी फोन केला होता, पण सनबोर्डचं विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तेच होतं, पांढरं, हलकं, रंगवायला नको. दुकानातल्या दादांनी सरळ नकार दिला. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. लेझरनं जाळलं की क्लोरीनचा विषारी धूर निघतो, माणसाच्या फुप्फुसाला आणि मशीनलाही घातक. कुणी हो म्हणालं तरी तुम्ही लेझरवर सनबोर्ड कापून घेऊ नका. आम्ही ३ मिलिमीटरच्या एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पातळ फळीवर, आलो.

नमुन्याचं पहिलं फूल कापायला लावलं आणि मशीनमधून काड्या बाहेर आल्या. फूल नाही, काड्याही धड नाहीत, नुसत्या चिरा पडलेला चौकोन. मला रडू येईल असं वाटलं. दादांनी फाइल उघडून दाखवली. दोन नक्षींमध्ये मी फांद्या म्हणून जाड रेघा वापरल्या होत्या, ४ मिलिमीटर जाडीच्या. मशीन जाडी बघत नाही, रेघेच्या मधून एकदाच चालते. वर, २०० मिलिमीटरचं फूल त्यांच्या पडद्यावर २६६ चं झालं होतं. नमुन्याचे आणि वाया गेलेल्या तुकड्यांचे ४२० रुपये देऊन मी दुपारच्या गाडीनं परत आले. गाडीत धरणगावपर्यंत मी वहीत फक्त प्रश्न लिहीत होते.

उत्तरं पुढच्या चार रात्रींत मिळाली, ती अशी. जाड रेघेला पाथ मेन्यूत 'स्ट्रोक टू पाथ' केलं की रेघेची बाह्यरेषा बनते. क्लोन मूळापासून सोडवायचे, म्हणजे 'अनलिंक', आणि मग सगळं निवडून युनियन. टाइल्ड क्लोन्स पहिला क्लोन मूळ फांदीच्या बरोबर वर ठेवतं, हे कुणी सांगत नाही. तो तसाच राहिला तर मशीन ती फांदी दोनदा कापते, कड काळी पडते आणि मिनिटं वाढतात. युनियन केलं की हा दुहेरीपणाही जातो. हे सगळं करण्याआधी फाइलची प्रत काढा. क्लोन जिवंत असलेली मूळ फाइल वेगळी आणि कापायची वेगळी, नाहीतर पुढे एक काटा बदलायचा झाला तर सहा वेळा बदलावा लागतो.

आकाराचं गणित मुलीनं सोडवलं. २६६ भागिले २०० म्हणजे १.३३, आणि ९६ भागिले ७२ सुद्धा १.३३. इंकस्केप इंचाला ९६ भाग धरतं, काही जुने प्रोग्रॅम ७२ धरतात. म्हणून मी या वेळी एसव्हीजीऐवजी, म्हणजे इंकस्केपच्या नेहमीच्या फाइलऐवजी, पीडीएफ केली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवला. दुकानात फाइल उघडल्यावर आधी तो चौकोन मोजायचा. १०० भरला तर पुढे जायचं.

९ डिसेंबरला चौकोन १०० भरला.

एक फूल कापलं, हातात घेतलं, आणि नेच्याच्या नक्षीची दोन टोकं तिथेच मोडली. मान, म्हणजे टोक फांदीला जोडणारा अरुंद भाग, दीड मिलिमीटरची होती. दादा म्हणाले, "ताई, जेवढी जाडी शीटची, तेवढी तरी मान ठेवा, शक्यतो जास्त." त्यांच्याच टेबलावर बसून मी मूळ फाइल उघडली, एका फांदीचे नोड सरकवून माना ४ मिलिमीटरच्या केल्या, पुन्हा क्लोन सोडवले, पुन्हा युनियन. वीस मिनिटांत झालं. पंधरा दिवसांपूर्वी मी ती खिडकी घाबरून बंद केली होती. पाथ मेन्यूतलं 'सिंप्लिफाय' वापरून जादा नोडही कमी केले, त्यामुळे मोठ्या फुलाची वेळ साडेसहा मिनिटांवरून चारवर आली. मिनिटाला १५ रुपये दर होता, तेव्हा हा फरक चोवीस फुलांना फार मोठा आहे. सिंप्लिफाय मात्र एकेकदाच दाबा. पटापट दाबलं तर टोकं गोलसर होतात.

१२ तारखेला माल आणला. १६८ मिनिटं, म्हणजे २,५२० रुपये, आणि एमडीएफच्या दोन शीटचे १,३००. लहान शंभर फुलं अमळनेरातच रेडियम कटिंगच्या दुकानात कार्डशीटवर प्लॉटरनं कापून घेतली, ६०० रुपये. तिथेही तीच पीडीएफ चालली.

रंगकामाबद्दल थोडंच सांगते. लेझरनं कड तपकिरी होते, ती आधी पॉलिश पेपरनं हलकी घासावी लागते, नाहीतर पांढऱ्या रंगातून डाग वर येतो. पांढरा प्रायमर रोलरनं दोन हात. त्या आठवड्यात थंडी चांगलीच पडली होती आणि गच्चीवर ठेवलेला रंग सकाळी अकरापर्यंत ओला राहायचा. म्हणून वाळायला एक दिवस धरलात तर दोन धरा. सासूबाईंनी लहान फुलं दोऱ्यात ओवली, प्रत्येक दोऱ्यात पाच, मधे टाचणीच्या डोक्याएवढी गाठ.

१९ ला गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या शिपाईकाकांनी शिडी धरली आणि आम्ही सगळं लावलं. मोठी फुलं गडद निळ्या पडद्यावर. २० ला कार्यक्रम. शिशिराच्या प्रवेशात दिवे निळे झाले, पंखे मंद लावले होते, त्यामुळे दोऱ्यांवरची फुलं हळू फिरत होती. माझ्या पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी बोटं दुमडून फुलाचे हात मोजत होती, एक, दोन, तीन, आणि सहाला थांबली. सरांनी पण ते पाहिलं असावं, कारण त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघून मान हलवली.

वडील चोपड्याहून आले होते. कार्यक्रमानंतर त्यांनी उरलेल्या दोन मधल्या फुलांतलं एक मागून घेतलं, खिशातल्या रुमालात गुंडाळलं आणि शेवटच्या एसटीनं गेले. माझा भाऊ सांगतो की ते मळ्यात, मोटारीच्या खोलीत खिळ्याला लावलंय.

२३ ला बिल दिलं, दोन प्रतींत. बिलावर दरपत्रकाचा क्रमांक आणि तारीख टाकायला विसरू नका, माझं त्यासाठीच एकदा परत आलं. रक्कम तीस हजारांच्या आत असल्यानं टीडीएस कापला नाही. चेक संस्थेच्या बैठकीनंतर निघणार होता, बैठक संक्रांतीनंतर. त्या दिवसांत मी दोनदा विचारायला गेले, दोन्ही वेळा भाऊंनी नीट उत्तर दिलं. १७ जानेवारीला चेक मिळाला. पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायला सांगितलं. ते माझ्याजवळ नव्हतं, पोस्टात जाऊन आणलं. तुम्ही जाताना सोबतच न्या. २१ ला पैसे खात्यात आले.

माझा एकूण खर्च ६,०२० झाला. कटिंग, शीट, लहान फुलं, वाया गेलेला नमुना, ३८० चा प्रायमर, २६० चे दोरे आणि हुक, आणि तीन फेऱ्यांचे ५४०. हाती उरले ८,१८०. रात्रीची जागरणं यात धरलेली नाहीत, पण ती बहुतेक शिकण्यात गेली, पुढच्या वेळी तेवढी लागणार नाहीत.

संक्रांतीला सासूबाईंना मी त्या तिरप्या जाळीची एक मोठी प्रिंट काढून दिली. त्यांनी ती ओट्याच्या भिंतीला चिकटवली आणि अंगणात सात ते चारच्या ऐवजी अकरा ते सहा ठिपक्यांचं हिमफूल काढलं, पांढऱ्या रांगोळीनं, मधे हळदीचा एक ठिपका.

फेब्रुवारीत शाळेनं विज्ञान दिनाच्या फलकांसाठी पुन्हा दरपत्रक मागितलं. या वेळी उद्यमचा कागद भाऊंनी मागितला नाही, आधीच्या फाइलला लावलेला होता.